‘लहान पोरं’ की ‘टवाळ तरुण’? बायबलच्या २ राजे २:२३-२४ मधल्या हिब्रू शब्दांबद्दल

रविवारची_बाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धर्मावरून भांडायला हा धागा काढलेला नाही, शब्दांबद्दल विचारायचंय.

आमच्या चर्चमध्ये मी संडे स्कूलचा सात ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. गेल्या रविवारी अलीशा संदेष्ट्याचा धडा होता. पुस्तिकेत नामानाचं कोड आणि विधवेचं तेलाचं भांडं एवढंच दिलंय, अस्वलींचा भाग गाळलाय. पण एक पोरगा घरून मागचं-पुढचं वाचून आलेला. हात वर करून विचारतो, “टीचर, टकल्या म्हटलं म्हणून अस्वलींनी फाडली ती मुलं केवढी होती? माझ्याएवढी?”

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: एलीया वावटळीतून स्वर्गात गेला. त्याचा शिष्य अलीशा यरीहोला आला, तिथलं बाधणारं पाणी मीठ टाकून चांगलं केलं, आणि बेथेलचा चढ चढायला लागला. गावातून पोरं बाहेर आली आणि ‘चढ टकल्या, चढ टकल्या’ म्हणून चिडवू लागली. त्याने मागे वळून पाहिलं, परमेश्वराच्या नावाने शाप दिला. रानातून दोन अस्वली आल्या आणि बेचाळीस मुलांना फाडलं. पुढच्याच ओळीत अलीशा कर्मेल डोंगराकडे निघून जातो. ना कुणाचे आईबाप येतात, ना कुणी रडतं.

पाळकांना विचारलं. ते म्हणाले, मूळ हिब्रूत ‘तरुण’ असा शब्द आहे, गुंडांची टोळी होती, मुलांना तसंच सांगा. आता मी दोन वर्षं ऑनलाइन हिब्रू शिकतेय. अक्षरं लागतात, कोश उघडता येतो, त्यापुढे अंधार. मूळ ओळ अशी: ‘ऊनेआरीम केतान्नीम यात्सऊ मिन हाईर’. नेआरीम हे ‘नआर’चं (मुलगा, तरुण) अनेकवचन, केतान्नीम म्हणजे लहान. आणि पुढच्या वचनात शब्द बदलून ‘येलादीम’, म्हणजे मुलं. पाळकांचं बरोबर आहे का? रविवारच्या आत कुणीतरी सांगा.

निरीश्वर_नाना

केवढीही असोत, टक्कल बघून हसल्याबद्दल अस्वल? पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (माझंही टक्कल आहे. सोसायटीतली पोरं रोज हसतात. एकही अस्वल आलं नाही.)

प्रकाशवाट

ताई, तुमचे पाळक बरोबर सांगतायत. ‘नआर’ म्हणजे तान्हं मूल असं नव्हे. योसेफ १७ वर्षांचा असताना त्याला नआर म्हटलंय. अबशालोमाने बापाविरुद्ध सैन्य उभं केलं, तरी दावीद त्याला नआरच म्हणतो. १ राजे २० मध्ये प्रांताधिकाऱ्यांचे नेआरीम लढाईला जातात, ते सैनिकच. ‘केतान्नीम’ लावल्याने फरक पडत नाही, कारण शलमोन राजा झाल्यावर, लग्न झाल्यावर स्वतःला ‘नआर कातोन’, म्हणजे ‘लहान नआर’, म्हणवतो. आणि ‘येलादीम’? रहबामाबरोबर वाढलेल्या त्याच्या सल्लागारांना १ राजे १२ मध्ये येलादीमच म्हटलंय, आणि रहबाम गादीवर आला तेव्हा ४१ वर्षांचा होता.

शिवाय गाव बेथेल. यराबामाने सोन्याचं वासरू बसवलेलं ठिकाण. तिथल्या वासराच्या भक्तांनी खऱ्या देवाच्या संदेष्ट्याला हुसकावण्यासाठी पाठवलेली ही टोळी होती. पोरखेळ नव्हता तो.

शब्दखोड

प्रकाशवाट, संदर्भ सगळे बरोबर. निष्कर्ष मात्र पटत नाही. मराठीतूनच बघू.

आपल्या ‘पोरगा’, ‘पोऱ्या’, ‘पोरं’ या शब्दांचं काय होतं? चहाच्या टपरीवरचा पोऱ्या चाळीस वर्षांचा असू शकतो. निवडणुकीत ‘आपली पोरं बूथवर आहेत’ म्हणतात, त्या पोरांच्या मिशा पिकलेल्या असतात. आई पन्नाशीच्या मुलाला ‘माझं पोर उपाशी आहे’ म्हणते. नआर अगदी असाच ताणला जाणारा शब्द आहे. नदीवर टोपलीत सापडलेला मोशे तीन महिन्यांचा, तो रडणारा नआर. बवाजाच्या शेतात कापणीवाल्यांवर देखरेख करणारा मुकादम, तोही बवाजाचा नआर. शौलाचा नोकर सीबा तर कहर आहे, त्याला १५ मुलगे आणि २० चाकर, तरी तो ‘शौलाचा नआर’. घरातल्या वरिष्ठाच्या मानाने जो धाकटा, हाताखालचा, तो नआर. तेव्हा नुसत्या नआरवरून वय काढता येत नाही, इथवर तुमच्याशी सहमत.

पण इथे नुसता नआर नाहीये. ‘आपली पोरं बूथवर आहेत’ चालतं. ‘आपली लहान पोरं बूथवर आहेत’ म्हणून बघा. बालकामगार कायद्याखाली आत जाल.

‘नआर कातान’ किंवा ‘कातोन’ अशी जोडी जिथे येते ती ठिकाणं मोजकी आहेत. योनाथानाचे बाण गोळा करायला धावणारा मुलगा. मिसरात पळवून नेलेला लहानगा हदाद. यशयाच्या ११व्या अध्यायात सिंह-वासरांना हाकत नेणारं लेकरू, जिथे सगळी गंमतच ते लेकरू आहे यात आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, याच अलीशाच्या गोष्टींत तीन अध्याय पुढे, नामानाचं कोड जातं तेव्हा त्याची कातडी ‘नआर कातोनाच्या’ कातडीसारखी होते. म्हणजे मऊ, लहान मुलासारखी. तिथे कुणी ‘गुंडासारखी कातडी’ असं भाषांतर करत नाही. त्याच गोष्टीत नामानाच्या बायकोकडे धरून आणलेली इस्राएली दासी आहे, ती ‘नआरा केतान्ना’. तीही कायम लहान मुलगीच राहते.

राहिला शलमोन. तो देवाशी बोलतोय. विठ्ठलापुढे उभा राहून ‘मी तुझं लेकरू’ म्हणणारा माणूस पाळण्यात झोपत नाही. पण लेकरू म्हणजे लेकरू म्हणूनच ती लीनता उभी राहते. शलमोनाचं उदाहरण उलट तुमच्याविरुद्ध जातं. रहबामाच्या सल्लागारांचंही तसंच. जुन्या म्हाताऱ्यांचा सल्ला धुडकावून त्याने बरोबरीच्या ‘पोरांचं’ ऐकलं, असं लेखक टोमणा मारतोय.

रविवारची_बाई

शब्दखोड, नामानाचा धडा मी त्याच दिवशी शिकवला होता हो! तोच शब्द तिथे आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुष्काळी

पाण्याचं जरा सविस्तर सांगा कुणीतरी. मी बीडकडचा, मला अस्वलापेक्षा तेच महत्त्वाचं वाटतंय.

लोदकर

दुष्काळी, तुमचा प्रश्न राशी नावाच्या जुन्या ज्यू भाष्यकारानेही विचारला होता असं समजा.

आधी ओळख देतो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, जन्म पेणचा, लहानपणीच आईबापांबरोबर इकडे इस्राएलात आलो, आता लोदला असतो. घरात अजून मराठी चालते. आम्हा लोकांचा एलियाहू हन्नबीवर, म्हणजे तुमच्या एलीयावर, फार जीव. नवस फेडायचा तर त्याच्या नावाने मलिदा, पोहे, नारळ, साखर आणि फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमच्यात मानतात. त्यामुळे त्याचा शिष्य असं का वागला हे कोडं आमच्याही घरात पडायचं. आजीकडे उत्तर नव्हतं. ती ‘खा गपचूप’ म्हणायची.

तर पाणी. तालमूद म्हणजे आमच्या रब्बींच्या, धर्मपंडितांच्या, चर्चांचा जुना ग्रंथ. त्यात सोता नावाच्या भागात, ४६ब आणि ४७अ या पानांवर या गोष्टीची चर्चा आहे. तिथे ‘अले केरेआख’चा असा अर्थ लावलाय: ‘चालता हो, तू आमची जागा टकली केलीस’, म्हणजे उजाड केलीस. राशी खुलासा करतो की यरीहोचं पाणी वाईट होतं तोवर ही मंडळी लांबून गोडं पाणी आणून विकायची. अलीशाने झराच सुधारला, यांचा धंदा बसला.

दुष्काळी

टँकर लॉबी!!! तीन हजार वर्षांपूर्वीची टँकर लॉबी! मला आता ती पोरं कोण होती यात काहीच शंका नाही 😀

प्रकाशवाट

बघा, म्हणजे ज्यू परंपरासुद्धा त्यांना कामधंदा करणारी मोठी माणसंच मानते. माझा मुद्दा सिद्ध.

लोदकर

थोडं थांबा प्रकाशवाट, पान संपलेलं नाही. तालमूदमध्ये एकाच पानावर तीन मतं नांदतात, आमच्या पंचायतीसारखी.

तुमच्या बाजूचं आधी. एक रब्बी म्हणतो, नेआरीम म्हणजे आज्ञांपासून ‘मेनुआरीम’, झटकून मोकळे झालेले, आणि केतान्नीम म्हणजे श्रद्धेने लहान. हा शब्दखेळ आहे, कोशातला अर्थ नव्हे. दुसरं मत: होते ते तरुणच, पण लहान पोरांसारखे वागून स्वतःची शोभा करून घेतली. तिसरं आणखी मजेदार: ते नओरान गावचे होते म्हणून नेआरीम, जसे पेणचे पेणकर.

आता दुसरी बाजू, त्याच पानावर. तिथला मूळ विषय अलीशा नाहीच. विषय हा की गावाच्या शिवारात कुणाचं प्रेत सापडलं आणि मारेकरी कळला नाही, तर जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी येऊन ‘आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही’ असं म्हणायचं. गावचे म्हातारे खून कशाला करतील? तर म्हणे, तो माणूस गावात आला आणि आपण त्याला खायला न देता, वाटेला न लावता जाऊ दिला असं झालं नाही, हे त्यांना सांगायचं असतं. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जाणं हे एवढं मोठं. आणि याला दाखला म्हणून तिथे म्हटलंय: यरीहोच्या लोकांनी अलीशाला पोचवलं असतं तर त्याने तीनोकोतांवर अस्वलं सोडली नसती.

‘तीनोकोत’. तीनोक म्हणजे आजच्या हिब्रूत तान्हं बाळ, तेव्हा जरा मोठं लेकरूही. म्हणजे धंदेवाईक, नओरानकर वगैरे सगळं सांगून झाल्यावरसुद्धा सहज बोलताना रब्बींच्या तोंडात शब्द आला तो लेकरांचाच.

पुढच्या पानावर तर सरळ अलीशाचाच हिशोब आहे. तो आयुष्यात तीनदा आजारी पडला. एकदा तीनोकोतांवर अस्वलं सोडली म्हणून, एकदा आपल्या चाकराला, गेहजीला, दोन्ही हातांनी ढकलून दिलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा मरणाचा आजार. संदेष्टा आहे म्हणून त्याला सोडलं नाही.

निरीश्वर_नाना

पोचवायला कुणी आलं नाही म्हणून एकटा चालला, एकटा बघून पोरांनी धरलं. हे पटतं. पॉपकॉर्न खाली ठेवले.

शब्दखोड

लोदकर काका, दंडवत. जुनी भाषांतरंही हेच सांगतात. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरात ‘पायदारिया मिक्रा’, लॅटिनमध्ये ‘पुएरी पार्वी’, दोन्हींचा अर्थ लहान मुलं. मोठं करायची घाई अलीकडची. इंग्रजी बायबलच्या एनआयव्ही भाषांतराच्या १९८४च्या आवृत्तीत ‘यूथ्स’ केलं होतं, २०११च्या आवृत्तीत परत ‘बॉइज’वर आले.

आपल्याकडे पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं शास्त्र मुळातून मराठीत उतरवत राहिल्या, १९२२ साली जाईपर्यंत. ज्या बाईने दुष्काळातल्या अनाथ मुली गोळा केल्या, ती या ओळीपाशी किती वेळ थांबली असेल असं वाटतं. (अवांतर आहे, माफी.)

मोहफूल

मी चंद्रपूरकडचा, वन खात्यात बरीच वर्षं काढली. धर्मातलं कळत नाही, अस्वलाचं थोडं कळतं. ‘अस्वली’ असं स्त्रीलिंगी कुठून आलं? मूळात आहे का?

रविवारची_बाई

आहे! हे मला सांगता येईल, फार आनंद झाला. ‘श्तायिम दुब्बीम’. दुब्बीम हे ‘दोव’चं अनेकवचन, दिसायला पुल्लिंगी. पण आकडा ‘श्तायिम’ स्त्रीलिंगी लावलाय, आणि ‘बाहेर आल्या’, ‘फाडलं’ ही दोन्ही क्रियापदंही स्त्रीलिंगी. म्हणून अस्वली.

मोहफूल

धन्यवाद. मग एक विचित्र गोष्ट सांगतो. मोठ्या वाढलेल्या दोन माद्या सहसा एकत्र फिरत नाहीत. मादीबरोबर असतात ती पिल्लं. आमच्याकडे पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बायामाणसांवर हल्ले होतात, बहुतेक वेळा पिल्लंवाली मादी आणि अचानक गाठ. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि तोंडावर, डोक्यावर पंजा मारतं. वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. एका म्हाताऱ्याला वरचा ओठ नव्हता, तो चहा बशीतून एका कडेने ओढायचा. तुमची गोष्ट मी त्यानंतर हसत वाचू शकत नाही.

अर्थात तिकडचं अस्वल वेगळं असणार.

लोदकर

हो, तपकिरी सीरियन अस्वल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या भागात होतं, मग शिकारीत संपलं. आता प्राणिसंग्रहालयात बघायचं.

पण मोहफूल, तुमच्या कामाचं एक सांगतो. तालमूदमध्ये प्रश्न पडलाय की चमत्कार नक्की केवढा. एक म्हणतो, जंगल होतं, अस्वलं नव्हती, ती आली. दुसरा म्हणतो, चमत्कारात चमत्कार, जंगलही नव्हतं आणि अस्वलंही नव्हती. मग कुणीतरी विचारतं, नुसती अस्वलं आणली असती तर भागलं नसतं का, जंगल कशाला? उत्तर: जंगल पाठीशी नसेल तर अस्वल घाबरतं.

यावरून आजच्या हिब्रूत वाक्प्रचार आहे, ‘लो दुब्बीम वेलो याआर’. ना अस्वलं ना जंगल. म्हणजे कशात काही नाही, सगळी बंडलबाजी. माझी नात फोनवर मैत्रिणीला रोज म्हणते. तिला गोष्ट माहीत नाही. एवढ्या मुलांच्या रक्तातून निघालेला वाक्प्रचार, आणि वापर कशाला, तर ‘त्या दोघांचं काही चालू नाहीये गं’ एवढ्याला.

मोहफूल

जंगल पाठीशी नसेल तर घाबरतं, हे शंभर टक्के. उघड्या शेतात सापडलेलं अस्वल आधी झाडोरा शोधतं. ज्याने लिहिलं त्याने अस्वल पाहिलेलं होतं.

पारिजातक_७

वाचनखूण साठवली. टकल्यावरून एक विचारू? टक्कल पडणं एवढं अपमानास्पद होतं का तिकडे?

शब्दखोड

‘केरेआख’ म्हणजे माथ्यावर टक्कल, ‘गिब्बेआख’ म्हणजे कपाळावरून मागे गेलेले केस. लेवीयच्या १३व्या अध्यायात दोन्ही येतात, आणि दोन्ही शुद्ध म्हटलेत. रोग नाही, विटाळ नाही. नानांनी निश्चिंत राहावं.

इथे टोमणा वेगळा असावा. एलीयाची ओळख सांगताना आदल्याच अध्यायात ‘केसाळ माणूस’ म्हटलंय. गुरू केसाळ, चेला टकला. आणि ‘अले’ म्हणजे चढ, वर जा. याच अध्यायात एलीया वर गेला तिथे हेच क्रियापद आहे. तेव्हा ‘चढ टकल्या’ म्हणजे घाट चढ, किंवा ‘तुझा गुरू वर गेला, तूही जा की’. आदल्या काही दिवसांत गुरू गेलेल्या माणसाला.

लोदकर

आणि ‘वय्यितकाल्लेसू’, चिडवलं. हे क्रियापद बघून मी लहानपणी फसलो होतो. कारण पेसाह सणाच्या रात्री वाचायच्या हग्गादा पोथीत आपण ‘उलेकालेस’ म्हणतो, त्याचा अर्थ स्तुती करणं! पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह हग्गादा छापली गेली होती, आमच्यात मराठीतून अर्थ वाचायची रीत जुनी. मी वडलांना विचारलं, पोरांनी अलीशाची स्तुती केली तर त्याने मारलं कशाला? मूळ एकच, क-ल-स. शास्त्रात त्याचा अर्थ टवाळी, नंतरच्या हिब्रूत ग्रीकच्या नादाने स्तुती. आणि लगेच पुढच्या वचनात ‘वयेकाललेम’, शाप दिला. कालेस आणि कालेल. मुलांनी एक अक्षर उच्चारलं, त्याने जवळजवळ तेच अक्षर परत फेकलं.

अजून एक, ताई. तुमच्या गोष्टीच्या आधीची चार वचनं बघा. यरीहोचं पाणी वाईट आणि जमीन ‘मेशक्कालेत’. मराठीत त्याला काय म्हटलंय मला आठवत नाही, पण या शब्दाचं मूळ श-ख-ल. अपत्य गमावणं. ती जमीन पोटातली आणि पोटची मुलं गिळायची. अलीशा म्हणतो, आजपासून इथे मृत्यू नाही, मेशक्कालेत नाही. आणि मग तोच माणूस चढ चढायला लागतो.

इकडे तो शब्द फार जिवंत आहे. सैन्यात मूल गेलेले आईबाप म्हणजे ‘होरीम शकूलीम’. स्मृतिदिनाला भोंगा वाजतो, रस्त्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. आमच्या इमारतीत असं एक घर आहे. त्यांना कुणी वेगळं काही म्हणत नाही, शकूलीम म्हटलं की कळतं.

पारिजातक_७

मराठीत असा शब्द नाही ना. नवरा गेला तर विधवा, आईबाप गेले तर पोरका. मूल गेलेल्या आईला काय म्हणायचं? संस्कृतात मृतवत्सा आहे, पण घरात कोण बोलतं?

माझ्या पणजीची तीन मुलं पाठोपाठ गेली. चौथ्याचं नाव ठेवलं धोंडू. दगडू, केरू, उकिर्डा ही नावं त्याचीच. देवाला वाटावं हे काही न्यायच्या लायकीचं नाही. आपण आईला शब्द दिला नाही, तो जगलेल्या मुलाच्या नावावर टाकला. धोंडूआजोबा ऐंशी वर्षं जगले, आणि हाक मारली की प्रत्येक वेळी त्या तिघांची आठवण.

निरीश्वर_नाना

माझ्या वडलांचं नाव दगडू. आज पहिल्यांदा असा विचार केला.

प्रकाशवाट

दोन दिवस लिहिलं नाही. नामानाच्या कातडीचा मुद्दा तपासून पाहिला. मान्य करावा लागेल, नआर कातोनचा अर्थ तिथे लहान मूलच होतो. मला अजूनही वाटतं की देवाने विनाकारण असं केलं नसेल. पण मी जे उत्तर देत होतो ते शब्दाचं उत्तर नव्हतं, माझ्या अडचणीचं होतं. बाकी बेचाळीस या आकड्याबद्दल कुणाला काही माहीत आहे का?

लोदकर

प्रकाशवाट, दिलदारी. बेचाळीस: तालमूद म्हणतो मवाबाच्या बालाक राजाने इस्राएलाला शाप मिळावा म्हणून बेचाळीस बळी दिले होते. सात वेद्या, प्रत्येकीवर बैल आणि मेंढा, असं तीनदा. त्याचा जुना हिशोब इथे चुकता झाला म्हणे. मला हे कधी पटलं नाही. पुढे येहू राजा यहूदाच्या अहज्या राजाच्या भाऊबंदांना मारतो तेही बेचाळीस. तो आकडाच अपशकुनी दिसतो.

रविवारची_बाई

आज शनिवार रात्र. तुमच्या सगळ्यांमुळे मी शेवटचा शब्द एकटीने काढायचा ठरवला. ‘वत्तेवक्काना’, त्या अस्वलींनी फाडलं. मूळ ब-क-अ, चिरणं, दुभंगणं.

अब्राहाम इसहाकाला न्यायच्या पहाटे होमाची लाकडं फोडतो, तिथे हे क्रियापद आहे. समुद्र दुभंगतो तिथेही आहे. होशेयात परमेश्वर म्हणतो, पिल्लं हिरावलेल्या अस्वलीसारखा मी त्यांना गाठीन, रानपशू त्यांना फाडील, तिथेही हेच. आणि त्या अस्वलीला तिथे विशेषण लावलंय ‘शक्कूल’! लोदकर काका, तुमचा शब्द. (दोव शक्कूल बघून मी खुर्चीतून उठले.) ‘मेली’ असा शब्द आमच्या वचनात नाही हे खरं. पण बाकीची ठिकाणं बघितल्यावर त्यात फार दिलासा उरत नाही.

आणि मग २ राजे ८. तोच अलीशा, आता म्हातारा. दिमिष्कात अरामाचा होणारा राजा हजाएल समोर उभा आहे. अलीशा त्याच्याकडे टक लावून बघतो आणि रडायला लागतो. हजाएल विचारतो, स्वामी का रडता? अलीशा म्हणतो, तू माझ्या लोकांचं काय करणार ते मला दिसतंय. त्यांची तान्ही मुलं आपटशील, गरोदर बायांना चिरशील. ‘तेवक्केआ’. तेच क्रियापद. त्याच घडणीतलं.

लेखकाने मुद्दाम केलं की नाही मला माहीत नाही. पण बेथेलच्या चढावर जो रडला नाही तो इथे रडतो, आणि तोंडात शब्द तोच.

मधल्या चौथ्या अध्यायात शुनेमकरणीचा मुलगा मरतो, आईच्या मांडीवर दुपारपर्यंत बसून. त्याला एकदा येलेद म्हटलंय, एकदा नआर. आमच्या दोन वचनांतले दोन्ही शब्द. अलीशा त्याच्यावर ओणवा होतो, तोंडाला तोंड, डोळ्यांना डोळे, हातांना हात. नआर सात वेळा शिंकतो.

उद्या वर्गात यातलं किती सांगायचं ते अजून ठरत नाहीये.

शब्दखोड

बाई, तुम्ही दोन वर्षं शिकताय म्हणालात ना? वीस वर्षं शिकलेल्यांना हे दिसत नाही.

रविवारची_बाई

रविवार, दुपार. झाला वर्ग.

हजाएल सांगितला नाही, फार लहान आहेत. शुनेमकरणीचा मुलगा सांगितला, शिंकांसकट. सगळ्यांनी सात वेळा शिंकून दाखवलं, शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मग त्या पोराला म्हटलं, तू विचारलंस ना केवढी होती? शब्द बघितले. हो, तुझ्याएवढी. कदाचित लहानही.

तो गप्प झाला. बोटं मोजत होता. मग म्हणाला, “दोन अस्वली आणि बेचाळीस मुलं? मग बाकीची पळाली का नाहीत टीचर?”

मी परत ‘पुढच्या रविवारी’ म्हटलंय. आता काय सांगू?

मोहफूल

अस्वल माणसापेक्षा जोरात पळतं, चढावर तर फारच. हे मात्र त्याला नका सांगू.

लोदकर

ताई, वचन २४ परत उघडा. ‘वत्तेवक्काना मेहेम अर्बाईम उश्नेय येलादीम’. तुम्ही सगळे शब्द बघितले, मधला ‘मेहेम’ राहिला. मिन अधिक हेम. त्यांच्यापैकी.

त्यांच्यापैकी बेचाळीस. त्याला सांगा, बाकीची पळाली.